लाल पाणी आणि पांढऱ्या खपल्या

गेल्या वर्षी धाकट्या भावाने त्याची जुनी गाडी मला देऊन टाकली, तेव्हा मी आधी बॉनेट उघडलं आणि मग त्याला बरं केलंस म्हणाले. गाडी चौदा वर्षांची, शेवटची चार वर्षं त्याच्याकडे असलेली, लहान, राखाडी, पेट्रोलवर चालणारी. तो बदनापूरला राहतो. त्याने नवी गाडी घेतली आणि जुनीला गिऱ्हाईक कशाला शोधायचं म्हणत किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आईला दवाखान्यात न्यायला लागंलच तुला," म्हणाला. माझा भाऊ वाईट माणूस नाही. पण विकता येण्यासारखी वस्तू तो फुकट देत नाही, हे मी त्याच्या गोट्यांच्या दिवसांपासून बघत आलेय. बॉनेटखाली मला काही सापडलं नाही. दिसलं सगळं, कळलं काहीच नाही.

आई माझ्याकडे असते, वाटूरला. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. नवरा परभणीला नोकरीला, शनिवारी येतो. आईच्या किडन्या निकामी झाल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी तिला जालन्याला डायलिसिसला न्यावं लागतं. पंचेचाळीस किलोमीटर जायचं, चार तास ती मशीनला जोडलेली, पंचेचाळीस किलोमीटर परत. येताना तिचं बीपी उतरलेलं असतं, मान टाकून झोपते. एकदा एसटीने नेऊन पाहिलं. परतताना तिला उलटी झाली आणि फाट्यावर उतरायच्या वेळी ती पायरीवरच बसून राहिली. मागचे लोक ओरडायला लागले. त्यानंतर एसटीचं नाव काढलं नाही.

भावाचं म्हणणं सरळ होतं. त्याचं घर स्टेशनच्या जवळ, बदनापूरहून जालना रेल्वेने थोडक्यात गाठता येतं, मग आईने पंचेचाळीस किलोमीटर कशाला हाडं खिळखिळी करून घ्यायची? मुद्दा बरोबर होता, पण आईला तिकडे जायचं नव्हतं. तसं ती कधी बोलली नाही, फक्त हा विषय निघाला की तिला झोप यायची. मलाही तिला पाठवायचं नव्हतं. कुणी विचारलंच तर मी पथ्याचं कारण सांगते: भावजय मायाळू आहे, पण 'एवढ्यानं काय व्हतंय' म्हणत भाजीत मीठ टाकते आणि तांब्याभर पाणी पुढे करते. आईला दिवसाला मोजून पाणी प्यायचं असतं. पथ्याच्या पलीकडेही काही कारणं असतील. ती उकरत बसायला मला वेळ नसतो.

थोडक्यात, गाडी चालते आहे तोवर आई वाटूरला. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण आम्हा तिघांनाही माहीत होतं.

एप्रिलातल्या एका मंगळवारी आम्ही शाळा सुटताच निघालो. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, त्यामुळे डायलिसिसची दुपारची पाळी मला जमते. रामनगरच्या बरंच अलीकडे तापमानाचा काटा चढायला लागला. अर्ध्यावर असायचा तो पाऊणपर्यंत आला, मग लाल पट्टीला टेकला. मी गाडी एका लिंबाखाली घेतली आणि बंद केली. बॉनेटखालून कढईत पाणी पडल्यासारखा आवाज येत होता.

एक मोटारसायकलवाला थांबला. "झाकण उघडा की मॅडम, वाफ निघून जाईल."

"तुम्ही उघडता का?"

तो जवळ आला, ऐकलं, आणि मागे सरकला. "थोडं थंड होऊ द्या," म्हणाला आणि निघून गेला. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर उडतं, एवढं मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. माझ्यावर प्रयोग करून पाहायचा होता इतकंच.

आई दार उघडं ठेवून मागच्या सीटवर बसली होती. पाऊण तास गेला. तिने एकदाच विचारलं, "आपली मशीन दुसऱ्याला देतील का गं?"

"देत नसतात."

मी झाकणावर ओलं फडकं टाकलं, हळूहळू फिरवलं आणि डिकीतल्या दोन्ही बाटल्या आत रिकाम्या केल्या. तरी ते काठोकाठ भरलं नाही; तसंच हळूहळू पुढे निघालो. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, मी वरपर्यंत भरलं होतं. दर रविवारी थोडं कमी झालेलं असायचं आणि मी भरायचे. ते पाणी कुठे जात होतं, हे मी इतके महिने विचारलं नव्हतं. मी इतरांच्या चुका शोधण्यात तरबेज आहे, म्हणून हे इथे लिहून ठेवते.

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तासाभराचा उशीर झाला होता. तिथला टेक्निशियन समजूतदार माणूस आहे, पण त्याच्या हातात मशिनी मोजक्याच. "मावशींना आज तीनच तास मिळतील," तो म्हणाला. "मागं पेशंट बसलाय. आणि मॅडम, पुन्हा असं झालं तर मला तुमची पाळी सकाळी सहाची करावी लागंल. दुपारी सगळे वेळेवर येतात."

सकाळी सहा म्हणजे वाटूरहून साडेचारला निघायचं आणि माझ्या शाळेवर पाणी सोडायचं. म्हणजे बदनापूर. त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

येताना उतरतं ऊन होतं, मी चाळीसच्या वर गेले नाही आणि काटा लाल पट्टीच्या खाली राहिला. बुधवारी सकाळी आईच्या पायांवर सूज होती. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. एक तास कमी मिळाला तर एवढं होतं.

भावाला फोन केला.

"जय भीम, ताई. बोल."

"गाडी तापली काल. आईला तासभर कमी मिळाला. खरं सांग, तुझ्याकडे असताना तापायची का?"

"बिलकुल न्हाई."

"बिलकुल?"

"एखाद्या येळंस तापली असंल. जुनी गाडी हाय ताई, तापणारच. आपण तापत न्हाई का?"

"तू कूलंट कधी बदललंस?"

त्याने आधी घरात कुणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितलं. "ते सर्व्हिसिंगवाले बघत्यात ना."

"सर्व्हिसिंगला कधी नेलीस?"

"आता तू पोलिसागत विचारून राह्यली." मग आवाज बदलला. "ताई, हे बघ, रागावू नको. शुक्रवारी गाडीनं दगा दिला तर मी रविवारी येतो आन आईला घेऊन जातो. तुझी वढाताण मला दिसत न्हाई का?"

त्याच्या आवाजात काळजी होती. मला ती काळजी संशयास्पद वाटली. खटारा गाडी बहिणीच्या गळ्यात मारायची, ती बंद पडली की आईला आपल्याकडे न्यायचं, आणि गावाने म्हणायचं पोरगा किती चांगला. असा डाव माझ्या भावाला सुचेल का? सुचणार नाही. तरी मी तो दिवसभर मनात मांडत राहिले. "बघू शुक्रवारी," म्हणाले आणि फोन ठेवला.

शाळा सुटल्यावर गाडी फाट्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. पत्र्याचं शेड, पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्याने इंजिन सुरू करायला सांगितलं, दोन मिनिटं ऐकलं, चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर ठेवला आणि म्हणाला, "हेड गेलंय."

"म्हणजे?"

"इंजिनाचं डोकं. गरम होऊन वाकडं झालंय. इंजिन खोलावं लागंल. आठ दिवस ठेवा."

आठ दिवसांत शुक्रवार येणार होता आणि पुढचा मंगळवारही.

"कशावरून म्हणता?"

"अनुभवावरून, मॅडम."

"अनुभव राहू द्या. मला दाखवा."

आदल्या संध्याकाळी मी मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले होते. तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, पण एका गोष्टीवर तिघे एकत्र आले: हेड गेलं असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल दुधाळ होतं, रेडिएटरच्या पाण्यात सारखे बुडबुडे येतात, आणि मागून पांढरा धूर निघतो. मी ऑइलची पट्टी काढून फडक्यावर पुसली. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं. मागे धूर नव्हता. इंजिन थंड होऊ दिलं, झाकण काढलं, पुन्हा सुरू केलं. चार बुडबुडे आले आणि थांबले.

"कुठंय तुमचं हेड?"

"आता न्हाई दिसणार. गरम झाल्यावर दिसंल."

"मग गरम करू. मी बसलेय."

तो हसला. "मॅडम, शाळेत पोरांचे पेपर बी असेच तपासता का?"

"असेच. म्हणून माझ्याकडे कॉपी होत नाही."

वीस मिनिटं इंजिन चालवलं. बुडबुडे आले नाहीत, काटा मात्र चढत गेला. त्याने बंद करायला लावलं आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. वर गरम, खाली जवळजवळ गार. तो पहिल्यांदाच विचारात पडल्यासारखा दिसला.

"आत गाळ असंल," म्हणाला. "पाणी फिरून न्हाई राह्यलं."

"मग आधी ते साफ करा. माझ्यासमोर. उद्या दुपारी."

"करू की. पर मंग हेडच निघालं तर मला बोलू नका."

"हेड निघालं तर मी तुमची माफी मागेन. नाही निघालं तर तुम्ही माझी मागा."

"बराबर," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून कळेना की त्याला हे आवडलं की नाही. तो खोटं बोलत होता की नुसता सवयीने बोलत होता, हेही मला तेव्हा ठरवता आलं नाही. कामाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच होतं. नजर ठेवायची.

गुरुवारी शाळेतून थेट फाट्यावरच्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेले. रेडिएटर साफ करायचं औषध घेतलं आणि रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं कूलंट मागितलं.

"कूलंट कशाला?" दुकानदार म्हणाला. "आपल्याकडं काय पाणी गोठून बर्फ होतंय? साधं पाणी टाका."

"गंजासाठी. बर्फासाठी नाही."

त्याने हिरवा कॅन पुढे केला. मी झाकणाचं सील तपासलं, उलटा करून तारीख वाचली, उजेडात धरून हलवला. रंग घातलेलं पाणी विकणारे लोक असतात. हा तसा असेल असं मला वाटत नव्हतं, पण तो तसा नाही असं मानायलाही कारण नव्हतं. मग बॅटरीत घालायचं पाणी मागितलं, पाच लिटरचे दोन कॅन.

"कितीक बॅटऱ्या हायेत, मॅडम?"

"एक."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती. पण बॅटरीचं पाणी म्हणजे क्षार नसलेलं पाणी, आणि कूलंटमध्ये तेच मिसळायचं, हे त्या तीन व्हिडिओंपैकी एकात होतं आणि माझ्या विषयातही बसत होतं.

मिस्त्रीने गाडी सावलीत घेऊन ठेवली होती. इंजिन गार होतं. मी हात लावून पाहिला. त्याने खालचा मोठा पाइप सोडला आणि पाणी घमेल्यात पडायला लागलं. पाणी कसलं, गेरूच. घट्ट, विटकरी, वर तवंग. घमेलं भरलं, दुसरं लावलं. ते गटारीत सोडायला मी मनाई केली, कारण फाट्यावरच्या शेळ्या गटारीचं पाणी पितात. त्याने मागच्या खड्ड्यात ओतलं.

"किती वर्सं कुणी हात लावला न्हाई याला," मिस्त्री म्हणाला. "निस्ता गंज हाय."

मला एवढंच ऐकायचं होतं. घमेल्याचा फोटो काढला आणि भावाला पाठवला. खाली लिहिलं: 'हे तुझं दान. चार वर्षं तू काहीच केलं नाहीस. आईचा एक तास यात गेला.' दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी ज्याला शोधत होते तो सापडला होता.

मग औषध घातलं, पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. मी गाडीत बसून हीटर पूर्ण चालू केला.

"हीटर?" मिस्त्री ओरडला. "मॅडम, हिचा हीटर जन्मापासून कुणी लावला नसंल!"

"त्याच्यातूनही पाणी फिरतं ना? मग तिथलाही गाळ निघायला हवा."

एप्रिलात दुपारी एक वाजता पत्र्याखाली बंद गाडीत हीटर लावून बसायचा माझा हा पहिलाच अनुभव. आधी जळक्या धुळीचा वास आला, मग गरम वारा. घाम कोपरांवरून गळत होता. मिस्त्री मधून मधून काचेतून बघून जायचा, मी अजून शुद्धीत आहे का म्हणून. पंधरा मिनिटांनी मी बाहेर पडले तेव्हा त्याने रांजणातलं पाणी पुढे केलं.

त्याने थर्मोस्टॅट काढला. इंजिन गरम झालं की उघडून पाणी सोडणारी ती लहानशी झडप. "हे फेकून देऊ," म्हणाला. "आपल्याकडं कुणीच ठेवत न्हाई. उन्हाळा केवढा!"

"चहावाल्याकडे चला."

शेजारच्या टपरीवर उकळत्या पाण्यात ती झडप दोऱ्याला बांधून सोडली. चहावाला, मिस्त्री आणि मी, तिघं वाकून बघत होतो. केसभर उघडली आणि तिथेच अडकली. पाच मिनिटं ठेवली तरी पुढे सरकली नाही. म्हणजे इंजिन तापल्यावर पाणी पुढे सरकायची वाट जवळजवळ बंद. मिस्त्रीने मान हलवली. "हे बी व्हतं तर."

नवी झडप फाट्यावर मिळेना. जालन्याच्या दुकानात फोन केला. त्याने ती कागदात गुंडाळून मंठ्याकडे येणाऱ्या काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरजवळ दिली. आमच्याकडे औषधापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं असंच येतं. तरी जीप येईपर्यंत मी रस्त्यावर उभी राहिले. जीप फाट्यावर न थांबता पुढे गेली तर शुक्रवार गेला.

जीप थांबली. मी पुडी घेऊन परतले तेव्हा मिस्त्री दुसऱ्यांदा पाणी काढत होता. या वेळी लाल नव्हतं. राखाडी होतं, आणि घमेल्याच्या तळाशी पांढऱ्या खपल्या बसत होत्या. जुन्या घागरीच्या बुडाला बसतो तसा क्षार, तुकड्यातुकड्यांनी सुटलेला. मिस्त्रीने एक खपली चिमटीत चुरली.

"लाल व्हतं ते जुनं. हे मातर नवं हाय, मॅडम. साल दीड सालातलं. पाणी कुठलं टाकता तुम्ही?"

"फिल्टरचं."

"फिल्टरचं? मंग हे कुठून आलं?"

"फिल्टरचंच," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले.

आमच्या नळाला दहा दहा दिवसांनी पाणी येतं. मधले दिवस बोअरवर काढायचे. बोअरचं पाणी असं की साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरी कड येते. म्हणून प्यायच्या पाण्याला घरात आरओ मशीन. ते एक भांडं चांगलं पाणी देतं आणि बाजूच्या नळीतून दोन भांडी फेकतं. फेकलेलं पाणी कुणी वाया घालवत नाही; आमच्या गल्लीत प्रत्येक घरी त्या नळीखाली बादली असते. त्यात फरशी पुसायची, भांडी विसळायची. दिसायला ते आरशासारखं स्वच्छ. माझ्या घरात या बादलीवरून मीच सगळ्यांना बोलते. आणि दर रविवारी मी त्याच बादलीतून बाटली भरून रेडिएटरमध्ये ओतत होते. मनात हिशोब असा, की प्यायचं पाणी गाडीला कशाला, हेही मशीनमधूनच आलेलं आहे.

मिस्त्रीला सांगितलं. तो इतका हसला की पाना खाली ठेवावा लागला.

"मॅडम, मशीननं जे नको म्हनून थुकलं, ते तुम्ही गाडीला पाजलं!"

चहावाल्यापर्यंत आवाज गेला. मी आठवीला दुष्फेन म्हणजे जड पाणी शिकवते. फळ्यावर लिहिते की पाणी उकळलं की त्यातले क्षार भांड्याला थर धरतात, आणि पोरांकडून वहीत उतरवून घेते. बाजूच्या नळीतून येणाऱ्या पाण्यात सगळ्या बोअरचा क्षार एकवटलेला असतो, हे मला कुणी विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"हसून झालं असेल तर नवी झडप बसवा," मी म्हणाले.

त्याने बसवली. स्वच्छ पाण्याने आणखी दोनदा धुतलं, उलट्या बाजूनेही, खपल्या यायच्या थांबेपर्यंत. मग बॅटरीचं पाणी आणि कूलंट मी स्वतः मोजून ओतलं, पाइप दाबून दाबून हवा काढली. एका पाइपच्या क्लिपजवळ बारीक ओल आली. दर रविवारी कमी होणारं पाणी तिथून जात होतं. क्लिप बदलली. इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं त्या जागेकडे पाहत राहिलो. काटा अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला.

"हेड ठीक हाय," मिस्त्री म्हणाला. "मी खोटं न्हाई बोल्लो बरं का. दहातल्या आठ गाड्यांचं हेडच निघतंय. लोक तापल्यावर बी दामटत्यात. तुम्ही थांबल्या म्हनून वाचलं."

ही माफी होती की नाही कोण जाणे. मी ती माफी धरली नाही, पण भांडलेही नाही. माझी भांडायची पत संध्याकाळपर्यंत बरीच उतरली होती.

घरी आईने विचारलं, "झाली का?"

"झाली. बादलीचं पाणी टाकत होते मी, त्याने बिघडली."

"ते व्हय." ती जराही चकित झाली नाही. "मला वाटायचंच. मशीन जे पाणी फेकून देतं ते गाडीला कसं चालंल म्हनून."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तू सायन्सची बाई. मला वाटलं तुझं बघितलेलं असंल. आन तू कुणाचं ऐकती व्हय?"

यावर मी भाजी फोडणीला टाकली.

शुक्रवारी अकरा पन्नासला निघालो. एसी लावला नाही. इंजिनावर एवढंसुद्धा ओझं नको होतं. रामनगर आलं, गेलं. काटा अर्ध्यावर. मला तोही खरा वाटेना. काटाच अडकला असेल, झडपेसारखा? दोन ठिकाणी गाडी थांबवून मी वरचा पाइप आणि खालचा पाइप हाताने पाहिला. दुसऱ्या वेळी आई काच खाली करून म्हणाली, "अगं बाई, तपासण्यातच येळ गेला तर मशीन काय तुझ्या काट्यासाठी थांबनार हाय का?"

मी गाडीत बसले. पावणेएकला आम्ही दवाखान्यात होतो. टेक्निशियनने घड्याळ पाहिलं आणि आईला पलंगावर घेतलं. मशीन सुरू झालं.

भावाचा फोन तासाभराने आला. फोटोनंतर तो पहिल्यांदाच बोलत होता.

"पोचल्या का?"

"वेळेवर."

"तापली?"

"नाही."

"बरं झालं. ताई, ते लाल पाणी... खरंय तुझं. मी कधी बघितलंच न्हाई. कमी झालं की नळाचं टाकायचो. विकायला काढली तर गिऱ्हाईक इंजिन बघून नाक मुरडत व्हते. तवा म्हनलं तुला तरी कामाला येईल."

मला वाटत होतं त्यातलं निम्मं बरोबर निघालं होतं. याचा मला म्हणावा तितका आनंद झाला नाही.

"लाल तुझं," मी म्हणाले. "पण त्याच्यावर पांढरं साचलं होतं, ते माझं." आणि बादलीचं सांगितलं. तो मिस्त्रीपेक्षा कमी हसला. एवढी समज त्याला आहे.

"मंग रविवारी येऊ का न्हाई?" त्याने विचारलं. "आईला न्यायला?"

हे उत्तर मी बुधवारीच तयार करून ठेवलं होतं. पथ्य, भावजय, मीठ, पाणी, सगळे मुद्दे क्रमाने. पण ते सगळे माझे मुद्दे होते, आणि गेल्या चोवीस तासांत माझ्या खात्रीच्या गोष्टींची गत मी घमेल्यात पाहिली होती. मी फोन आईच्या कानाला लावला. तिच्या डाव्या हाताला सुया होत्या, उजव्याने तिने तो धरला.

तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. या वेळी तिला झोप आली नाही.

"न्हाई रे बाबा," ती म्हणाली. "मी वाटूरलाच बरी हाय. तुझी बायको लई जीव लावती, पर तिच्यापुढं मला पाहुन्यावानी बसावं लागतंय. हिच्या घरी मी भांडू शकते." मग तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "गाडी बंद पडली तर? पडली तर बघू. तवा तू यायचं गाडी घेऊन, मला न्यायला न्हाई, पोचवायला. जालन्याला आन परत वाटूरला. येशील का?"

त्याने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. आईने फोन परत दिला. "येतो म्हनला," ती म्हणाली. "रविवारी जेवायला बी येतो. त्याला मीठ लागंल, वायलं ठेव."

पाच वाजत आले तेव्हा टेक्निशियनने सुया काढल्या. पूर्ण चार तास झाले होते. त्याने आईचं वजन लिहून घेतलं आणि तिला दहा मिनिटं पडून राहायला सांगितलं. ती दहा मिनिटं मी बाहेर गेले, बॉनेट उघडलं आणि ती नवी क्लिप बोटाने चाचपली. कोरडी होती. बोट पदराला पुसलं आणि पुन्हा एकदा लावून पाहिलं.